'आपण' आणि 'आम्ही'

काही जण म्हणतात की भाषा म्हणजे नुसतं भांडं, अर्थ एकातून दुसऱ्यात ओतला की झालं. मला नाही पटत हे. साधं बघा, 'आपण ठरवलंय' म्हटलं की ऐकणारा त्यात आला आणि 'आम्ही ठरवलंय' म्हटलं की तो बाहेर राहिला. इंग्रजीतल्या 'वी'मध्ये किंवा हिंदीतल्या 'हम'मध्ये हा फरकच नाही, तमिळ-तेलुगूत मात्र आहे, आणि मराठीत तो द्राविडी भाषांच्या सहवासातून आला असावा असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे शेजार बदलला की 'आपलं कोण' हे सांगायची रीतही बदलते!

मी एकदा ऑफिसच्या इंग्रजी मेलचं मराठी करत होतो, तिथल्या 'वी'साठी 'आम्ही' लिहिलं आणि वाचणाऱ्यांना वाटलं निर्णय वरून लादलाय. शब्द बरोबर होता, नातं चुकलं.

ऑस्ट्रेलियातल्या गुगु यिमिथिर भाषेत तर डावं-उजवं ऐवजी उत्तर-दक्षिण वापरतात, अगदी पायाजवळच्या मुंगीसाठीसुद्धा, त्यामुळे बोलणाऱ्याला दिशांचं भान सतत ठेवावंच लागतं. पण म्हणून भाषा विचारांना कैद करते असं मी म्हणणार नाही, तीच माणसं इंग्रजी बोलताना डावं-उजवं व्यवस्थित वापरतात.