बूट डिस्क पहिल्या दिवसापासून वर्टआयओवरच पाहिजे, आयडीईवर ठेवून निघून जाऊ नका

अंबडचा_अ‍ॅडमिन:
नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागात सर्व्हर सांभाळणाऱ्या सगळ्यांशी यावर एकदा बोलायचंच होतं. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) घेतलं, महिनाभरात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं, आणि तेव्हापासून आपल्याकडचे बरेच छोटे कारखाने तेच काम करणाऱ्या प्रॉक्समॉक्सवर आले. येणं चांगलंच आहे, पण आणून देणारे लोक काय करतात तर विंडोजची व्हीएम उचलतात, डिस्क आयडीईवर (डिस्क जोडायच्या जुन्या पद्धतीवर) लावतात, बूट झाली की फोटो काढून मालकाला पाठवतात आणि निघतात. मागच्या महिन्यात सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मला बोलावलं, तक्रार काय तर टॅली आणि ईआरपी महिनाअखेरीला रांगतंय. होस्टमध्ये, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या खऱ्या मशीनमध्ये, वेगवान एनव्हीएमई डिस्क, रॅम भरपूर, आणि व्हीएमची बूट डिस्क (जिच्यावरून विंडोज उठतं ती) आयडीई-० वर. त्यावरच एसक्यूएल डेटाबेसचा डेटा पण.

आता आयडीई म्हणजे क्यूएमू (प्रॉक्समॉक्सच्या आत व्हीएम चालवणारा प्रोग्राम) इंटेलच्या १९९६ सालच्या पीआयआयएक्स३ चिपची नक्कल करतं, एका वेळी एकच कमांड, प्रत्येक रजिस्टरला हात लावला की व्हीएममधून बाहेर येऊन हायपरव्हायजरला (होस्टवरच्या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) उत्तर द्यायचं. खाली एनव्हीएमई असून काय उपयोग, दरवाजाच एक माणूस जाईल एवढा. वर्टआयओ म्हणजे व्हीएमसाठीच बनवलेली जोडणी, तिच्यात खऱ्या चिपची नक्कल नसतेच, गेस्टला (व्हीएमच्या आतल्या विंडोजला) माहीत असतं की मी व्हीएम आहे, तो सामायिक मेमरीतल्या रांगेत कामं टाकतो आणि होस्ट उचलतो.

माझं म्हणणं सरळ आहे: वर्टआयओ स्कझी सिंगल कंट्रोलर (वर्टआयओचा एक प्रकार), आयओ थ्रेड (डिस्कच्या कामाला वेगळा धागा) चालू, डिस्कार्ड (पुसलेली जागा होस्टला परत देणं) चालू, आणि हे बूट डिस्कलाही. नंतर करू म्हटलं की होत नाही.

सिन्नर_फाटा:
भाऊ, स्पीडचं म्हणणं मान्य. पण बूट डिस्कच्या बाबतीत मी उलट्या मताचा आहे आणि पंधरा वर्षं हेच काम करतोय म्हणून बोलतोय. बूट डिस्क साटावर (आयडीईनंतर आलेल्या जोडणीवर) ठेवावी, डेटा डिस्क वर्टआयओवर. कारण बूट डिस्कवर काय असतं, विंडोज. ते एकदा चालू झालं की दिवसभर तिथे फार वाचन-लेखन नसतंच. एसक्यूएलची फाइल वेगळ्या डिस्कवर टाका, तिला वर्टआयओ द्या, आयओ थ्रेड द्या, सगळा फायदा तिथेच मिळतो. साटात ३२ कमांडची रांग असते, आयडीईसारखं एक-एक नाही, विंडोजला पुरतं.

आणि खरा मुद्दा वेगळा आहे. होस्टचा मदरबोर्ड गेला, रात्रीचे अकरा वाजलेत, सकाळी सातच्या शिफ्टला डिस्पॅच चालू पाहिजे. हाताशी जे मशीन असेल त्यावर बॅकअप उघडायचा, कधी मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही असेल, कधी कुणाच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स. साटाचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, वर्टआयओचा नसतो. तिथे निळा स्क्रीन, इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस, आणि तुम्ही फोन उचलत नाही.

द्वारका_सर्कल:
सिन्नर फाट्याशी सहमत. आमच्याकडे एकाने कुठेतरी वाचून डिस्क थेट आयडीईवरून स्कझीवर केली, बूट गेली, घाबरून रिस्टोअर मारला, दोन दिवसांच्या एंट्र्या परत टाकाव्या लागल्या. चालतंय ते चालू द्यावं.

अंबडचा_अ‍ॅडमिन:
@द्वारका_सर्कल ती चूक वर्टआयओची नाही, पद्धतीची आहे, आणि पद्धत इथे लिहितोच म्हणजे पुढच्याचं नुकसान वाचेल.

आधी व्हीएम बंद करून पूर्ण बॅकअप. मग जुन्या बूट डिस्कला हात न लावता १ जीबीची एक रिकामी डिस्क स्कझीवर जोडायची, कंट्रोलर वर्टआयओ स्कझी. व्हीएम चालू करायची, ती अजून आयडीईवरूनच उठते. आत वर्टआयओ-विनची आयएसओ (विंडोजसाठीच्या वर्टआयओ ड्रायव्हरची, सीडीसारखी लावायची फाइल) लावून ड्रायव्हर टाकायचा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण गेली का ते बघायचं. रिकामी डिस्क दिसली म्हणजे विंडोजने ड्रायव्हर खरोखर वापरला. आता बंद करून रिकामी डिस्क काढायची, बूट डिस्क डिटॅच करायची, ती अनयूज्ड म्हणून खाली दिसते, तिला स्कझी-० म्हणून परत जोडायची. आणि इथे दहातले नऊ जण थांबतात ती जागा: ऑप्शन्समध्ये बूट ऑर्डर. तिथे स्कझी-० वर टिक नसते. मग नो बूटेबल डिव्हाइस येतं आणि माणूस समजतो विंडोज मेलं. विंडोज ठणठणीत असतं, बायोसला कुणी पत्ताच दिलेला नसतो.

अजून एक, ड्रायव्हर दोन आहेत. व्हायोस्कझी हा वर्टआयओ स्कझीचा, व्हायोस्टोर हा वर्टआयओ ब्लॉकचा. एक टाकलात आणि डिस्क दुसऱ्या प्रकारावर जोडलीत तर तोच निळा स्क्रीन. तुमच्याकडच्या माणसाचं नेमकं काय झालं माहीत नाही पण या दोनपैकी एक किंवा ड्रायव्हरच न टाकणं, याच्या बाहेर मी फारसं काही पाहिलेलं नाही.

@सिन्नर_फाटा तुमचं रात्रीचं उदाहरण खरं आहे, पण साटा ठेवला म्हणून सुटका होते असं नाही. विंडोज वापरात नसलेले बूट ड्रायव्हर बाजूला ठेवून देतं. व्हीएम आयडीईवर चालत असेल आणि तुम्ही ती साटावर उठवली तरी निळा स्क्रीन येऊ शकतो, ड्रायव्हर डिस्कवर असूनसुद्धा. त्यावर उपाय एकदा सेफ मोडमध्ये उठवणं, तिथे विंडोज सगळे बूट ड्रायव्हर लोड करून बघतं, नंतर नेहमीचं बूट चालतं. मग सेफ मोड करायचाच आहे तर वर्टआयओवरून साटाकडे येतानाही तेच करता येतं ना. आणि हायपर-व्हीचं म्हणाल तर जनरेशन १ ची व्हीएम फक्त आयडीईवरून बूट होते, जनरेशन २ फक्त स्कझीवरून. तिथे तुमचा साटा आहेच कुठे?

सिन्नर_फाटा:
हायपर-व्हीचं बरोबर धरलंत. पण सेफ मोड हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. तुमच्या सातपूरच्या वर्कशॉपमध्ये रात्री कोण असतं? स्टोअरचा मुलगा. त्याला फोनवर सेफ मोड सांगून बघा. मी सेटिंग निवडतो तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तो मुलगा असतो, बेंचमार्कचा आकडा नसतो. त्याला जेवढ्या कमी पायऱ्या तेवढं बरं.

शिवाय बूट आणि डेटा वेगळं ठेवायचं यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत. सगळं एका डिस्कवर कोंबलेलं असतं हा आयडीईपेक्षा मोठा रोग आहे असं मला वाटतं. बूट १०० जीबीची असेल तर ती एकटी पटकन परत आणता येते.

पंचवटीकर:
मी लिनक्सवाला आहे, दोघांचं भांडण विंडोजचं आहे, पण वर्टआयओ हे काही नवं खूळ नाही हे सांगावंसं वाटलं, ते लिनक्स कर्नलमध्ये २००८ पासून आहे. तरीही लिनक्सवाल्यांनी निवांत राहू नये. रेडहॅटच्या वंशातल्या सिस्टीममध्ये ड्राकट हे टूल त्याच मशीनपुरते ड्रायव्हर घालून इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी फाइल) बनवतं. व्हीएमवेअरवर बनलेली इमेज वर्टआयओवर आणली की रूट डिस्क सापडत नाही आणि तुम्ही ड्राकटच्या इमर्जन्सी शेलमध्ये. बूट मेनूत जी रेस्क्यू एंट्री असते तिच्यात सगळे ड्रायव्हर असतात, तिच्यावरून उठायचं, ड्राकट परत चालवायचं, झालं. आणि एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) कुणी एसडीए-१ असं नाव लिहिलं असेल तर वर्टआयओ ब्लॉकवर तेच व्हीडीए-१ होतं, म्हणून हलवायच्या आधी यूयूआयडी (डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक) टाकून घ्या.

लिबव्हर्टवर (व्हीएम सांभाळायच्या लिनक्सच्या सॉफ्टवेअरवर) हाताने एक्सएमएल सेटिंग लिहिणाऱ्यांसाठी पण एक: बूटचा क्रम एकतर ओएसच्या भागात लिहा नाहीतर प्रत्येक डिव्हाइसला बूट ऑर्डरचा आकडा द्या. दोन्ही एकत्र चालत नाही, डोमेन, म्हणजे व्हीएम, डिफाइनच होत नाही. मला प्रत्येक डिव्हाइसला आकडा देणं आवडतं, दोन डिस्क असल्या की कोणती आधी हा प्रश्नच राहत नाही.

द्वारका_सर्कल:
मग एक विचारतो. हे सगळं करताना जुन्या बायोसच्या जागी युईएफआय पण करून टाकावं का? मालक म्हणतात आता सगळीकडे तेच आहे.

अंबडचा_अ‍ॅडमिन:
जुन्या व्हीएमला नका करू. आत एमबीआर (डिस्कच्या भागांची जुनी मांडणी) असेल आणि बाहेर व्हीएमचं सीबायोस (जुना बायोस) बदलून नुसतं ओव्हीएमएफ (युईएफआय) केलं तर बूट होणारच नाही, आधी डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत बदलावी लागते. आणि एमबीआरची २ टीबीची मर्यादा १०० जीबीच्या बूट डिस्कला लागत नाही. नवीन व्हीएम करताना मात्र युईएफआयच घ्या आणि ईएफआय डिस्क जोडायला विसरू नका, बूटच्या नोंदी त्यात राहतात. विंडोज ११ ला तर युईएफआय आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतंच.

निफाडचा_द्राक्षवाला:
नमस्कार, मी आयटीवाला नाही, पॅकहाऊस आहे आमचं. तुमच्यातलं निम्मं समजलं. पण फेब्रुवारी-मार्चला आमच्याकडे कंटेनर लागतात, लेबल प्रिंट झालं नाही तर माल प्रीकूलिंगमध्येच पडून राहतो. मागच्या सीझनला सकाळी सर्व्हर उठलाच नाही. ज्याने बसवला त्याने दुपारी येऊन सांगितलं की सीडी लावलेली राहिली होती. सर्व्हरला सीडीच नाही, मग कसली सीडी? आणि लाइट गेली की दरवेळी धाकधूक होते. मला एवढंच सांगा, तुमच्या दोघांपैकी कुणाचं ऐकलं तर असं होणार नाही.

सिन्नर_फाटा:
दादा, ती सीडी म्हणजे आयएसओ फाइल. इन्स्टॉल करताना व्हीएमच्या सीडी ड्राइव्हला जोडतात. ती फाइल दुसऱ्या नासवर (नेटवर्कवरच्या वेगळ्या स्टोरेजच्या पेटीवर) असेल आणि लाइट येऊन सर्व्हर नासच्या आधी उठला, तर फाइल सापडत नाही म्हणून प्रॉक्समॉक्स व्हीएम चालूच करत नाही. बूट ऑर्डरमध्ये सीडी शेवटी असली तरी. काम झालं की ड्राइव्ह रिकामा करायचा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि तुमच्या माणसाने ते केलं नाही. आमचा वाद साटा की वर्टआयओ हा आहे, याबाबतीत आम्हा दोघांचंही एकच सांगणं असेल.

अंबडचा_अ‍ॅडमिन:
अगदी. आणि लाइटचं म्हणाल तर तुमच्या माणसाला विचारा की डिस्कची कॅश सेटिंग काय आहे. ‘नन’ (none) असेल तर ठीक. राइटबॅक असेल तर होस्टच्या रॅममध्ये डेटा थांबतो, गेस्टने फ्लश (आता डिस्कवर लिही) सांगितलं की खाली उतरतो, यूपीएस नीट असेल तर चालवता येतं. अनसेफ लिहिलेलं दिसलं तर आजच्या आज बदलायला लावा, त्यात फ्लश सांगितलेलं सुद्धा ऐकलं जात नाही आणि लाइट गेली की डेटाबेस फुटतो. स्पीड दाखवायला काही जण ते लावून जातात, याचा मला खरंच राग येतो.

@सिन्नर_फाटा बूट आणि डेटा वेगळं, हे मी लिहायला पाहिजे होतं, तुमचं बरोबर आहे. सातपूरला मी वेगळं केलं तेव्हा एक अडचण आली ती पण सांगतो, नवीन जोडणीवर डेटा डिस्क विंडोज सर्व्हरने ऑफलाइन ठेवली, एसक्यूएल उठेना. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ऑनलाइन करावी लागली, मग ठीक.

पण स्टोअरच्या मुलासाठी बूट डिस्क साटावर, हे अजून पटत नाही. त्याला सेफ मोड सांगावा लागू नये म्हणून दुसरा होस्टसुद्धा प्रॉक्समॉक्सच ठेवायचा, जुना आय-५ चालेल, त्यावर बॅकअप तसाच उघडतो, तोच कंट्रोलर, तोच ड्रायव्हर. साटाने जे साधायचं तेच याने साधतं आणि रोजचा वेगही जात नाही.

सिन्नर_फाटा:
जुना आय-५ ठेवायला मालक पैसे देत असेल तर माझा विरोध संपला. माझ्या दहातले सात देत नाहीत. ज्यांच्याकडे दुसरा होस्ट नाही त्यांच्याकडे मी साटाच लावणार.

निफाडचा_द्राक्षवाला:
जुना कॉम्प्युटर आमच्याकडे पडून आहे. किती रॅम लागते सांगा, रविवारी कुणी आलं तर छाटणीची घाई संपलीये, मी दिवसभर पॅकहाऊसवरच आहे.

अंबडचा_अ‍ॅडमिन:
१६ जीबी असेल तर पुरेल दादा. रविवारी दहाला येतो. सिन्नर फाटा, तुम्हीपण या, बॅकअप तुमच्या हाताने उघडून बघा किती वेळ लागतो ते.