'परस्परसंवादी' ध्वनिरचना : मग वादी स्वर कोणता?

पैलतीर :
माझी भाची कॅनडात संगीतरचनेचे शिक्षण घेते. तिच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी आभासी परिसरासाठी केलेल्या ध्वनिरचनांची टिपणे मी मराठीत आणते आहे आणि 'इंटरॅक्टिव्ह' या एका शब्दापाशी दोन आठवडे अडले आहे. रूढ म्हणून मी 'परस्परसंवादी' वापरला. ते टिपण गायन शिकवणाऱ्या माझ्या काकूंना वाचायला दिले, तर त्यांनी पहिल्याच ओळीवर बोट ठेवून विचारले, "संवादी आहे, मग वादी स्वर कोणता?" यमन रागात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, आणि निषाद संवादी, म्हणजे त्याच्याशी जुळणारा दुसरा महत्त्वाचा स्वर, हे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्यांना संगीतावरच्या लेखात या शब्दाचा दुसरा अर्थ सुचणार तरी कसा?

भाचीची रचना अशी आहे. डोळ्यांवर संच चढवून कानांना हेडफोन लावले की आपण एका जुन्या वाड्याच्या चौकात उभे असतो. पाऊल उचलले की पारवे गप्प होतात, आणि एका जागी स्तब्ध राहिलो तर काही वेळाने पुन्हा घुमू लागतात. विहिरीकडे जावे तसा तंबोऱ्यासारखा एक स्वर खाली खाली उतरत जातो. मान डावीकडे वळवली तरी विहीर जागची हलत नाही, म्हणून तिचा आवाज उजव्या कानाकडे सरकतो. ऐकणाऱ्याच्या हालचालीवर बेतलेल्या अशा रचनेला काय म्हणावे?

श्रुतिभेद :
आपल्या काकूंचा आक्षेप रास्त आहे. नाट्यशास्त्रात ज्या दोन स्वरांमध्ये नऊ किंवा तेरा श्रुतींचे (श्रुती म्हणजे स्वरांतर मोजण्याचे सूक्ष्म माप) अंतर असते, ते परस्परांचे संवादी मानले आहेत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवांनीही हीच परिभाषा पुढे चालवली, म्हणजे आपल्याच भूमीत हा शब्द संगीतात निदान आठशे वर्षे नांदतो आहे. येथे 'संवाद' म्हणजे संभाषण नव्हे, तर जुळणे. 'विसंवाद' या शब्दात आपण तोच अर्थ आजही जपतो. पारवे गप्प होतात ते पावलाला दिलेले उत्तर आहे, पावलाशी जुळलेला सूर नव्हे. म्हणून मी 'प्रतिसादी ध्वनिरचना' सुचवतो.

सरळमार्गी :
'इंटरॅक्टिव्ह' असेच देवनागरीत लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ही कामे करणारे विद्यार्थी 'पॅच', 'लूप', 'ट्रिगर' हेच शब्द बोलतात. मिलर पकेट यांनी १९८० च्या दशकात पॅरिसच्या इर्काम या संस्थेत संगीतरचनेच्या ज्या 'मॅक्स' या संगणक-प्रणालीची सुरुवात केली, त्याचे भाषांतर कोणी करत नाही. हार्मोनियम आली तेव्हा आपण तिला 'पेटी'ही म्हटले आणि 'हार्मोनियम'ही म्हटले, आणि दोन्ही शब्द टिकले. शब्द वापरणाऱ्यांच्या तोंडून यावा, समितीच्या टेबलावरून येऊ नये.

श्रुतिभेद :
'महापौर' आणि 'दिग्दर्शक' हे शब्दही कोणीतरी जाणीवपूर्वक घडवलेच होते, आणि आज त्यांच्यावाचून आपले पान हलत नाही. घडवलेला शब्द कृत्रिम वाटतो तो पहिली दहा वर्षे. तेवढी वर्षे त्याला कोणी द्यायचीच नाहीत, असे ठरवले तर भाषा वाढणार कशी?

डग्गा :
मी गेली तीस वर्षे तबल्याची साथ करतो, म्हणून वेगळ्या बाजूने सांगतो. गायक थांबला तर आम्ही ठेका धरून राहतो, त्याने लय वाढवली तर आम्ही वाढवतो, आणि त्याने जागा सोडली तर ती भरतो. भाचीच्या रचनेत खर्ज उतरतो तो ऐकणाऱ्याच्या चालीने उतरतो. याला आपल्याकडे 'साथ' हा नेमका शब्द आहे. सेकंड लाइफ या आभासी जगात २००७ पासून 'अवतार ऑर्केस्ट्रा मेटाव्हर्स' नावाचा एक वृंद वाजवतो. निरनिराळ्या देशांतले वादक आपापल्या घरी बसून त्यात भाग घेतात, आणि पॉलिन ऑलिव्हेरॉस यांच्यासारख्या ज्येष्ठ रचनाकारही त्यात होत्या. तेथे कित्येक वर्षे एक ध्वनी दहा सेकंदांपेक्षा लांब चढवता येत नसे. म्हणजे दीर्घ स्वर हवा असेल तर तुकड्याला तुकडा असा जोडावा लागणार की सांधा ऐकू येऊ नये. साथीदाराचे काम याहून वेगळे काय असते?

पैलतीर :
'साथ' मला मनापासून आवडला, परंतु त्याचे विशेषण होत नाही. 'साथ करणारी ध्वनिरचना' हे शीर्षकात लांबते. शिवाय साथीदार ऐकतो आणि स्वतः ठरवतो, तर येथले सारे निर्णय रचनाकाराने आधीच घेऊन ठेवलेले असतात. काल रात्री मला दुसरा शब्द सुचला. आपण त्या वाड्यात वावरतो आणि आपल्या वावरण्यातून संगीत घडते, म्हणून 'वावर-रचना' म्हटले तर?

वऱ्हाडी पाहुणा :
आमच्याकडे अकोल्यात वावर म्हणजे शेत. "वावर हाय तर पावर हाय" ही म्हण आपण ऐकली असेल. 'वावर-रचना' वाचून माझ्या वडिलांना बांध, धुरे आणि सरी-वरंबेच आठवतील. तरीही शब्द टाकून देऊ नये, कारण वावरातही ऐकणारा फिरतो आणि आवाज जागेवर असतात.

श्रुतिभेद :
'वावरणे' हे क्रियापद संस्कृत 'व्यापृ'वरून, म्हणजे कामात गुंतण्याच्या अर्थातून आले, असे मी मानतो. जेथे माणूस दिवसभर कामात गुंतलेला असतो, ती जागा म्हणजे वावर. शेताचा अर्थ असाच आला असावा.

वऱ्हाडी पाहुणा :
हे मला पटत नाही. पेरणे या अर्थाचा 'वाप' आणि त्यावरून 'वाफा' हे शब्द समोर असताना इतक्या दूर कशाला जायचे? शिवाय पडीक जमिनीलाही आमच्याकडे वावरच म्हणतात, तेथे कोण कामात गुंतलेला असतो?

डग्गा :
पडीक जमिनीत पेरणीही झालेली नसते, तेव्हा तोच आक्षेप 'वाप'लाही लागू पडतो. खानदेशातही शेताला वावर म्हणतात. तेथील कोणी नांगरल्याआधीच्या आणि नंतरच्या जमिनीसाठी निराळे शब्द ऐकले असतील, तर कृपया सांगावे.