मूल हवंय का, हे सगळ्यांना एकाच प्रश्नात कसं विचारायचं?

देवनारची_विद्यार्थिनी: एमएच्या प्रबंधासाठी मुंबईत सर्व्हे करतेय, गे, लेस्बियन, ट्रान्स, स्ट्रेट सगळेच आहेत त्यात, विषय आईबाबा व्हायची इच्छा. प्रश्न एकच, "मूल व्हायची इच्छा किती आहे, १ (अजिबात नाही) ते ५ (खूप) मध्ये सांगा". एका गे मुलाने २ वर टिक केलं आणि नंतर चहा पिताना अर्धा तास भाच्याबद्दलच बोलत बसला, म्हणाला मिळणारच नाही तर ५ कशाला लिहू. आता हा २ मी कसा वाचायचा?

हार्बरवाला: तो २ इच्छेचा नाहीच, कायद्याचा आहे. २०२१ च्या सरोगसी कायद्यात गे जोडपं बसत नाही, एकट्या पुरुषालाही दार बंद. दत्तक एकट्याने घेता येतं पण पुरुषाला मुलगी देत नाहीत, आणि जोडप्याने अर्ज करायचा तर लग्न लागतं, समलिंगी लग्नाला मान्यता न देणाऱ्या ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतरही तेच. म्हणून तीन प्रश्न वेगळे करा: काहीच आडकाठी नसती तर हवं असतं का, खरंच प्रयत्न करणार आहात का, आणि होईल असं वाटतं का. तिघांची सरासरी प्लीज काढू नका, पहिल्या आणि तिसऱ्यातली तफावतच तुम्हाला शोधायचीय.

लालबागची_सून: उलटंही होतं हं. लग्न झालेल्या बाईचा ५ पण तपासा. एका खोलीचं घर, सासूबाई शेजारी भाजी निवडतायत, ती ५ च लिहिणार. घरी फॉर्म भरून घेऊच नका.

मालाडची_ताई: मी ट्रान्स बाई आहे. तुमच्या फॉर्ममध्ये मूल म्हणजे पोटचंच दिसतंय. ट्रान्स कार्यकर्त्या गौरी सावंत यांनी मुलगी दत्तक घेऊन वाढवली ते अख्ख्या मुंबईला माहितीये, अशा आईने कुठे टिक करायचं? आणि हॉर्मोन सुरू करण्याआधी वीर्य गोठवून ठेवता येतं हे मला कुठल्याच डॉक्टरने सांगितलं नाही, आता त्याचं फार वाईट वाटतं. "इच्छा नाही" आणि "पर्याय माहीतच नव्हता" हे वेगळं कळायला नको का?

देवनारची_विद्यार्थिनी: ताई, हे सुचलंच नव्हतं, घालते. पर्याय माहीत होते का हे इच्छेच्या आधी विचारू की नंतर?

मालाडची_ताई: नंतर विचार गं. आधी पर्यायांची यादी वाचली की माणूस तिथेच मन मारतो आणि पुढे कमीच लिहितो.

हार्बरवाला: +१. आणि गटांची तुलना करण्याआधी प्रश्न सगळ्या गटांत सारखेच समजले जातायत का ते तपासा, गाईडना विचारा, त्याची टेस्ट असते.