हरिहरची जुनी लेथ: क्रॉस स्लाइडचा नट कुठे मिळेल?

उद्यमनगरकर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक रेडियल ड्रिल आणि एक शेपर. लेथ हरिहरची, म्हैसूर किर्लोस्करची. वडिलांनी ती सेकंडहँड घेतली आणि तिच्यावरच आमचं घर चाललं. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. ते होते तोवर मशीनचं दुखणं मला कधी कळलंच नाही. रोज सकाळचा पहिला अर्धा तास ते तेलपाणी आणि पुसापुशीत घालवायचे, मी आपला जॉबच्या मागे.

आता अडचण अशी आहे की क्रॉस स्लाइडला, म्हणजे टूल आडवं आत-बाहेर नेणाऱ्या भागाला, भयंकर प्ले (ढिलेपणा) आलाय. तिच्या स्क्रूवर चालणारा नट झिजलाय. डायलवर २०० रेघा आहेत, त्यातल्या ५० रेघा रिकाम्या जातात तेव्हा कुठे स्लाइड हलते. पार्टिंग करताना, म्हणजे जॉब कापून वेगळा करताना, टूल आत ओढलं जातं. गेल्या आठवड्यात चरकाच्या बुशावर दोन पार्टिंग टूल मोडली आणि गनमेटलचा तुकडाही वाया गेला. गनमेटलचा भाव तुम्हाला माहीतच आहे.

फोनवर चौकशी करून बाहेरगावच्या एका दुकानदाराकडून नट मागवला. "किर्लोस्करचाच आहे, डोळे झाकून बसवा" म्हणाला. चार हजार आगाऊ दिले. आलेला नट स्क्रूवर तीन आटे चढतो आणि मग आवळून बसतो. दुकानदार म्हणतो तुमचा स्क्रू वाकडा असेल. आता तर फोनच उचलत नाही.

दिवाळीच्या सुमाराला गुऱ्हाळं पेटतील आणि चरकाची कामं एकदम अंगावर येतील. ओरिजिनल नट कुठे मिळेल? एक व्यापारी भंगाराच्या भावानं लेथ उचलायला तयार आहे, म्हणतो राजकोटची नवी घ्या. मन होत नाही, पण धंदाही बुडवून चालणार नाही.

भोसरीचा फिटर

दादा, आधी प्ले नक्की कुठला आहे ते बघा. सगळा दोष नटाचा नसतो. क्रॉस स्लाइडचं हँडल दोन्ही हातांनी पकडा आणि न फिरवता पुढे-मागे ओढा-ढकला. डायल आणि हँडल जागच्या जागी आत-बाहेर हललं तर तो प्ले कॉलरचा. हँडलच्या मागच्या बुशात वॉशर झिजलेले असतात किंवा चेकनट सैल झालेले असतात. मॅग्नेट स्टँड लावून हँडलच्या तोंडावर डायल गेज टेकवलं तर आकडाच मिळेल. आमच्या शॉपमध्ये एका लेथचा निम्मा प्ले नुसते चेकनट आवळून गेला होता. पन्नासातल्या किती रेघा कॉलरच्या निघतात ते इथे कळवा.

टूलरूम काका

वरच्या भावानं बरोबर सांगितलंय, पहिलं ते कर. तुला अरे-तुरे करतो, राग मानू नको, माझा मुलगा तुझ्याच वयाचा असेल. पिंपरीत टूलरूमच्या मेंटेनन्समध्ये ३१ वर्षं काढली. त्यामुळे तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही.

ओरिजिनल नट शोधणं आज, आत्ता थांबव. हरिहरचा कारखाना बंद पडून वीसहून जास्त वर्षं झाली. आज "ओरिजिनल" म्हणून जे हातात पडतं ते कुणीतरी अंदाजानं बनवलेलं असतं. मापाविना आलेला नट हा नटाच्या आकाराचा नुसता तुकडा असतो.

तो नट तिसऱ्या आट्याला का आवळतो, ते तूच लिहून ठेवलंयस. डायलवर २०० रेघा आहेत म्हणालास. एक रेघ म्हणजे एक हजारांश इंच धरली तर एका फेऱ्यात स्लाइड ०.२०० इंच जाते. म्हणजे स्क्रू इंचातला आहे, इंचाला ५ आटे, पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर ५.०८ मिमी. तुला आलेला नट बहुतेक ५ मिमी पिचचा. फरक डोळ्याला दिसत नाही, पण दर आट्याला ०.०८ मिमी चुकत जातं आणि तिसऱ्या-चौथ्या आट्याला फट संपते. स्क्रू वाकडा बिकडा काही नाही. खात्री करायची तर स्क्रूच्या टोकाला, जिथे नट कधी पोचत नाही त्या कोऱ्या भागावर, व्हर्नियर लाव आणि १० आट्यांचं अंतर मोज. ५०.८ मिमी आलं तर इंचाचा, ५०.० मिमी आलं तर मिमीचा. मधल्या झिजलेल्या भागावर मोजू नकोस, तिथला आकडा फसवतो.

आता नट. तो तुझ्याच लेथवर होतो. प्ले असला तरी आटे कापता येतात, फक्त कट कायम एकाच बाजूनं द्यायचा. मागे यायचं तेव्हा प्लेच्याही पुढे चांगलं मागे यायचं आणि मग पुन्हा त्याच रेघेवर चढवायचं. जुना नट काढ, मापं घे, परत बसव आणि त्याच्याच जिवावर नवा काप. फॉस्फर ब्राँझ मिळालं तर उत्तम. गनमेटलही चालेल, तुझ्याकडे चरकाच्या बुशांमुळे ते असणारच. आटे उलटे आहेत का ते आधी बघ. स्क्रू जागेवर फिरतो आणि नट स्लाइडबरोबर चालतो अशी रचना असली तर आटे डावे असतात. टूल २९ अंशांचं घासायचं, कारण इंचातल्या अ‍ॅक्मे आट्याचा कोन तोच. मिमीतल्या ट्रॅपेझॉइडलचा ३०. चौकोनी आटे निघाले तर पुन्हा विचार, ते जुन्या मशिनांत दिसतात.

तुझा लीड स्क्रू, म्हणजे आटे कापताना टूल लांबीनं नेणारा स्क्रू, इंचाला ४ आट्यांचा असला तर चेंज गिअर (त्याचा वेग ठरवणारे बदलायचे गिअर) सोपे. वर ४०, खाली ५०, आणि डाव्या आट्यांसाठी दिशा उलटी. आटे कापताना लीड स्क्रूला पकडणारा हाफ नट अजिबात उघडू नकोस. टूल बाहेर काढ, मशीन उलटं फिरवून परत जागेवर आण. वेळ जातो, पण आटा चुकत नाही. लीड स्क्रू मिमीचा निघाला तर १२७ दातांचा गिअर लागेल, तो नसेल तर शेजाऱ्याच्या लेथवर जा.

शेवटचा हात टॅपनं द्यायचा. ओएचएनएस या टूल स्टीलच्या गोल सळईवर तेच आटे काप, टोकाला लांब उतार दे, चार खाचा पाड, तापवून तेलात बुडव आणि मग पाणी उतरव, म्हणजे पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा घालव. टूलनं बहुतेक माल काढलेला असला की हा टॅप हातानं फिरतो आणि आटे एकसारखे होतात. टॅप जपून ठेव, पुढचा नट एका दुपारचं काम होईल. नट कापण्याआधी ब्लँक जरा लांब घे. हॅकसॉनं आडवी खाच मार, पूर्ण तोडायची नाही, आणि वरून एक स्क्रू दे. पुढे झीज झाली की तो स्क्रू आवळला की दोन भाग एकमेकांपासून फाकतात आणि प्ले खाल्ला जातो.

एक गोष्ट मनाची तयारी करून ऐक. नवा नट टोकाला घट्ट आणि मधे सैल लागला तर स्क्रूही झिजलाय. मग तोही ईएन८ पोलादात करावा लागेल. थोडा फरक असेल तर सोसून घे. फार असेल तर दोन्ही नवे, नाहीतर मधे प्ले घालवायला नट आवळशील आणि टोकाला स्लाइड जाम होईल.

बाकी पार्टचं म्हणशील तर बेअरिंग, ऑइल सील आणि पट्टे याला मशीनचं नाव लागतच नाही. बेअरिंगच्या अंगावर नंबर असतो. ६२०५ म्हणजे २५ मिमी आत, ५२ बाहेर, १५ रुंद, ते कुठल्याही गावात तेच. नंबर पुसला असेल तर तीन मापं घे. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी पालथी घालायचा काळ गेला, तुमच्या उद्यमनगरातच सगळं मिळतं. फक्त बेअरिंग ओळखीच्या डीलरकडूनच घे आणि बिल माग. तीन पट्ट्यांतला एक तुटला तर तिन्ही बदल, नाहीतर नवा एकटाच ओझं वाहतो.

गिअर करून घ्यायचा असेल तेव्हा जपायचं. मिमीतला बाहेरचा व्यास भागिले (दात अधिक दोन), हा मॉड्यूल, म्हणजे दाताचं माप. ४० दात आणि व्यास १०५ आला तर मॉड्यूल अडीच. पण १०६.७ आला तर तो डीपी १०, म्हणजे इंचाच्या मापाचा गिअर आहे. गिअर कापणारा घाईत "अडीचच आहे" म्हणून कटर लावतो आणि मग हेडस्टॉक रडतो. तुझी मशीन इंचातली दिसते, म्हणून सांगून ठेवतो.

आता जे मनाला लागलं ते. तुझे वडील अर्धा तास जे करायचे तेच मेंटेनन्स. कोल्हापूर म्हणजे फाउंड्री, तुझ्याकडे कास्टिंगचे जॉब असणार. बिडाची काळी भुकटी आणि कास्टिंगच्या कातडीतली वाळू बेडवरच्या तेलात मिसळली की तिची पॉलिश पेस्ट होते, आणि सॅडल, म्हणजे बेडवरून सरकणारा टूलचा गाडा, ती रोज बेडवर घासत बसतं. बिडाचा जॉब संपला की आधी कोरड्या फडक्यानं पूस, मग तेल लाव. एअर गन मारू नकोस, भुकटी सॅडलखाली जाते. सॅडलच्या चारही कोपऱ्यांचे वायपर (बेड पुसणारे) उघडून बघ, आत फेल्टऐवजी दगड झालेला असेल. नवं फेल्ट कापून, तेलात भिजवून बसव. तेलाच्या भोकांत कुणी ग्रीस भरलं असेल तर रॉकेलनं धुऊन काढ. बेडला ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल वापर, इंजिनातलं काढलेलं काळं तेल नको.

आणि नट बसवताना गिब पट्टी, म्हणजे स्लाइडची फट भरणारी पट्टी, बाहेर काढशीलच, तर धुऊन, बर (उठलेले कंगोरे) काढून, तेल लावून परत घाल. पट्टी सैल असली तर नवा नटही पार्टिंगला वाचवणार नाही.

लेथ भंगारात देऊ नकोस. इतकी वर्षं मुरलेलं बीड आहे ते.

साताऱ्याची वर्कशॉपवाली

काकांचं सगळं पटलं. एकच भर घालते. माझे सासरे म्हणायचे, जुनी लेथ चालवायची तर तिची मेलेली बहीण सांभाळायची. आम्ही तीन वर्षांपूर्वी त्याच कंपनीची, त्याच मापाची, बेड फुटलेली लेथ वजनावर घेतली. एप्रन (सॅडलच्या पुढची, हाफ नट असलेली पेटी), टेलस्टॉक, गिअरबॉक्स आणि सगळे चेंज गिअर सुटे करून तेल लावून फळीवर ठेवलेत. आतापर्यंत हाफ नट आणि फीडचे दोन गिअर त्यातून निघाले. पैसे तेवढ्यातच वसूल झाले. दादा, तुमच्याकडच्या भंगारवाल्यांना सांगून ठेवा, पण न बघता घेऊ नका. गिअरबॉक्सचं झाकण उघडून दात बघा. आम्हाला एकदा आतून गंजलेली गळ्यात मारली होती.

उद्यमनगरकर

उशिरा लिहितोय, माफ करा. मधे खांडेनवमीही होऊन गेली.

भोसरीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे आधी कॉलर बघितली. पन्नासातल्या १८ रेघा तिथल्याच निघाल्या. वॉशर कागदासारखे झिजले होते. गनमेटलचे नवे केले आणि चेकनट आवळले.

दहा आटे मोजले, ५०.८. म्हणजे काका, तुम्ही इथे न येता सांगितलंत तेच. आटे डावेच. जुना नट काढून रॉकेलमध्ये टाकला आणि तारेच्या ब्रशनं घासला, तर एका अंगाला नंबर पंचनं ठोकलेलं "९८" दिसलं आणि शेजारी वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर. आमच्या वर्कशॉपमधल्या प्रत्येक फिक्श्चरवर ते असंच ठोकायचे. मी ज्याला ओरिजिनल समजून बाजारात शोधत होतो तो त्यांनीच १९९८ साली केलेला होता. गिअर कव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं ४०/५० लिहिलेलंही सापडलं. रोज ते दार उघडत होतो, कधी वाचलं नव्हतं.

नट त्याच लेथवर कापला. पहिला वाया गेला, कट देताना मागे पुरेसं आलो नाही आणि आटा जाड-बारीक झाला. दुसरा टॅपनं साफ केला. टॅपला पाणी देताना मामांना बोलावलं, त्यांचा हात बसलेला आहे. सॅडलच्या वायपरमधून जे निघालं ते फेल्ट नव्हतंच, काळा खडू होता. आता डायलवर ४ रेघा रिकाम्या जातात. मधे ६, म्हणजे स्क्रूही थोडा झिजलाय, पण या सीझनला सोसून घेतो. काल ६० मिमीच्या गनमेटल बुशाचं पार्टिंग केलं, टूल ओढलं नाही, चिप सरळ निघाली. भंगाराच्या भावानं लेथ मागणाऱ्या व्यापाऱ्याला नकार कळवला.

नव्या नटावर पंच मारलाय, वडिलांच्या अक्षराखाली माझं.

ताई, तुमच्या फळीवर दुसरा हाफ नट शिल्लक आहे का? माझा आटे कापताना मधेच उडी मारतोय. एप्रन उघडलेलं नाही अजून. काका, तो पण असाच करायचा की आधी लिव्हरची पिन आणि हाफ नटाची सरकपट्टी तपासू?

टूलरूम काका

आधी सरकपट्टीच. ती सैल असली तर दोन्ही अर्धे नट पूर्ण मिटतच नाहीत. हाफ नट मिटून लीड स्क्रूजवळ बोट लाव आणि सॅडल हातानं हलव. वरचा अर्धा उचलला जात असेल तर पट्टी आवळ. तरी उडी मारली तर आटे बघू. फोटो टाक, उजेडात काढ.