ऑर्कास बेटावर रोड बाइक: माउंट कॉन्स्टिट्यूशन जमेल का?

सिएटलकर_मेघना: जूनमध्ये अ‍ॅनाकोर्टेसहून फेरीने (बोटीने) वॉशिंग्टन राज्यातल्या ऑर्कास बेटावर जायचं ठरतंय, तिथला माउंट कॉन्स्टिट्यूशन हा डोंगर सायकलने चढायचाय. सिंहगडचा घाट चढलेय. माझ्या सायकलच्या गिअरला पुढच्या चकत्यांवर ५०-३४ आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर २८ दात आहेत. पुरतील का? गाडी न्यावी का?

चढाईवाला: मेघनाताई, गाडी नकोच, सायकलच न्या! तिकीट फक्त जाताना लागतं, परतीला नाही. बोटीतून उतरलात की बाजूला थांबा, सगळ्या गाड्या पुढे जाऊ द्या. मग ईस्टसाउंडपर्यंतचा रस्ता बराच शांत मिळतो. कडेची जागा अरुंद आहे, म्हणून हे मनापासून सांगतोय.

मोरान स्टेट पार्कात कॅस्केड तलावापाशी पाणी भरून घ्या. तिथून कॉन्स्टिट्यूशनचं शिखर सुमारे ८ किमी. खालची वळणं सगळ्यात अंगावर येतात, मध्ये थोडी उसंत, मग पुन्हा चढ. मागे २८ ऐवजी ३२ किंवा ३४ दातांची चकती बसवाच, गुडघे दुवा देतील. माथा साधारण ७३० मीटर, सान हुआन बेटांतला सर्वांत उंच. वर १९३६ चा दगडी मनोरा आहे. हवा स्वच्छ असेल तर माउंट बेकर समोर! मला तो चढ फार आवडतो, डग्लस फरच्या सावलीत ऊन लागतच नाही.

सिएटलकर_मेघना: आणि उतार?

चढाईवाला: विंडचीटर हवाच. सावलीतली वळणं ओली असतात, ब्रेक वळणाआधीच दाबा.

पेडलप्रेमी: सोबत नवखं कुणी असेल तर त्यांना लोपेझला उतरवा, ते बेट बरंच सपाट आहे.