मदत हवी आहे: अपडेटनंतर अग्रशाळेच्या खोल्यांचं बुकिंग प्लगइन बंद, साइटही उघडेना

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाची वर्डप्रेसवरची साइट मी सांभाळतो. व्यवसायाने हिशेबनीस आहे. समितीत संगणकाला हात लावणारा दुसरा कोणी नाही म्हणून हे काम माझ्याकडे आलं. साइटवर देवस्थानाचा इतिहास, उत्सवांच्या तारखा, फोटो असं सगळं आहे, पण लोक येतात ते अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेच्या, खोल्यांसाठी. नवरात्रात मखरोत्सवाला मुंबई, बेळगाव, कारवारकडून महाजन (देवस्थानाचे सभासद) आणि कुळावी (ज्यांचं हे कुलदैवत ते) येतात, त्यांचं बुकिंग साइटवरच्या फॉर्मनेच होतं. पूर्वी फोनवर व्हायचं, आणि एकाच खोलीच्या दारात दोन कुटुंबं बॅगा घेऊन उभी राहायची. त्यामुळे परत फोनवर जायला समितीतले आमचे मुखत्यार बिलकूल तयार नाहीत.

होस्टिंगवाल्यांचा मेल आला होता की सर्व्हरवर पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) ७.४ ऐवजी ८.२ येणार, वर्डप्रेस अद्ययावत करून घ्या. आमचं वर्डप्रेस ५.४ होतं. फाइल्स आणि डेटाबेस, दोन्हींचा बॅकअप काढून ते ६.८ वर नेलं. साइट दिसत होती, फॉर्मचं पानही दिसत होतं. रात्री त्यांनी पीएचपी बदललं आणि सकाळपासून प्रत्येक पानावर 'गंभीर त्रुटी' एवढाच मजकूर. ॲडमिनचं लॉगिनही उघडत नाही.

संशय तो फॉर्म चालवणाऱ्या बुकिंगच्या प्लगइनवर आहे, कारण ते बनवणाऱ्याने बरीच वर्षं त्याला हात लावलेला नाही. होस्टिंगचा सपोर्ट म्हणतो, प्लगइनशी आमचा संबंध नाही. आत कसं शिरायचं? झालेली बुकिंगं वाचतील का? की बॅकअपवरून वर्डप्रेस ५.४ परत टाकू? विकतचं प्लगइन हा उपाय आत्ता नको, त्याला सभेची मंजुरी लागते आणि आमची सभा म्हणजे काय ते गोव्यातल्यांना सांगायला नको.

रात्रपाळी:
५.४ परत टाकू नका. ते मार्च २०२० चं आहे आणि पीएचपी ८ आलं नोव्हेंबर २०२० मध्ये. ८.२ वर ते आणखी कुरकुरेल, शिवाय जुन्या वर्डप्रेसमधली सुरक्षेची भोकं परत उघडी.

होस्टिंगच्या पॅनेलमधून फाइल मॅनेजर उघडा. 'डब्ल्यूपी-कंटेंट' मध्ये 'प्लगइन्स' फोल्डर आहे. त्यात बुकिंगच्या प्लगइनचं जे फोल्डर असेल त्याच्या नावापुढे काहीही जोडा, 'जुनं' लिहिलं तरी चालेल. नाव जुळलं नाही की वर्डप्रेस ते प्लगइन उचलत नाही. संशय खरा असेल तर लॉगिन उघडेल.

बुकिंगं बहुतेक डेटाबेसमध्ये असतील, फोल्डरचं नाव बदलून त्यांना धक्का लागत नाही. पण यादीतलं 'डिलीट' दाबू नका!! बरीच प्लगइन्स डिलीट होताना स्वतःची टेबलं पुसून जातात. बंद करणं वेगळं, काढून टाकणं वेगळं.

घुमट:
वर्डप्रेस ५.२ पासून अशी त्रुटी आली की ॲडमिनच्या मेलवर एक लिंक जाते. तिच्यातून रिकव्हरी मोडमध्ये लॉगिन होतं आणि कुठलं प्लगइन पडलं तेही मेलमध्ये लिहिलेलं असतं. लिंक एक दिवस चालते. मेल आला नाही का?

धागाकर्ता:
@घुमट, ॲडमिन म्हणून माजी सचिवांचा मेल आहे आणि ते सध्या बोटीवर आहेत. मेल कधी बघतील ते समुद्रालाच ठाऊक.

@रात्रपाळी, नाव बदलल्याबरोबर साइट उघडली! लॉगिनही झालं. आता फॉर्मच्या पानावर फॉर्मच्या जागी चौकटी कंसातला एक शब्द दिसतोय, बाकी ठीक.

शेवटची कदंबा:
तो शब्द म्हणजे शॉर्टकोड, फॉर्म कुठे यायचा त्याची खूण; प्लगइन बंद असलं की उघडा पडतो. काळजी नको.

आता अंदाज बांधत बसू नका, लॉग काढा. 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाइलमध्ये डीबग आणि डीबग लॉग दोन्ही 'ट्रू' करा, पण डीबग डिस्प्ले 'फॉल्स' ठेवा, नाहीतर सर्व्हरवरचे पत्ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतील. मग प्लगइन्सची यादी एकदा उघडा. फोल्डर सापडत नाही म्हणून वर्डप्रेस स्वतःच ते प्लगइन बंद म्हणून नोंदवेल. त्यानंतर फोल्डरला मूळ नाव द्या आणि यादीतून 'ॲक्टिव्हेट' दाबा. सुरू होतानाच ते कोसळलं तर वर्डप्रेस ते सुरूच करत नाही, साइट शाबूत राहते. एरर 'डब्ल्यूपी-कंटेंट' मधल्या डीबग लॉगमध्ये मिळेल. ती इथे टाका, म्हणजे बोलता येईल.

धागाकर्ता:
देवनागरीत उतरवून देतो: 'फेटल एरर: अनकॉट एरर: कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन क्रिएट_फंक्शन'. पुढे प्लगइनच्या मुख्य फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक आहे. त्या ओळीत 'रजिस्टर विजेट' असं काहीतरी दिसतंय. 'आज रिकाम्या खोल्या' ही बाजूची चौकट असावी.

रात्रपाळी:
मग गुन्हेगार सापडला, आणि तो तुमचं वर्डप्रेस अपडेट नव्हे. क्रिएट_फंक्शन हे पीएचपीचंच जुनं फंक्शन. ७.२ मध्ये 'हे वापरू नका' अशी सूचना आली आणि ८.० मध्ये ते काढूनच टाकलं. ७.४ वर नुसती सूचना लॉगमध्ये पडत होती, ती कोण वाचतो? एकेकाळी विजेट नोंदवायला सगळे हीच ओळ एकमेकांची उतरवून घ्यायचे, त्यामुळे जुन्या प्लगइन्समध्ये ती ढिगाने आहे.

त्या ओळीत क्रिएट_फंक्शनला दोन अवतरणं दिलेली असतील, पहिलं रिकामं आणि दुसऱ्यात 'रिटर्न रजिस्टर विजेट' वगैरे. तो सगळा भाग काढून तिथे बिननावाचं साधं फंक्शन लिहा: 'फंक्शन', रिकामा कंस, मग महिरपी कंसात तीच आतली आज्ञा, अवतरणाशिवाय. आधी फाइलची प्रत ठेवा. आणि हे वर्डप्रेसमधल्या एडिटरमधून नको, फाइल मॅनेजरमधून करा. अर्धविराम चुकला तर निदान मागे फिरायला वाट राहते.

क्रिएट_फंक्शन त्या फोल्डरमध्ये आणखी कुठे आहे का तेही शोधा. एकटं क्वचित असतं.

धागाकर्ता:
आणखी एका फाइलमध्ये होतं, तेही बदललं. प्लगइन सुरू झालं, फॉर्म आला, जुनी बुकिंगंही सगळी दिसतायत. पण तारखेच्या चौकोनावर टिचकी मारली की कॅलेंडर उघडत नाही. लॉगमध्ये काही नाही. पॅनेलमधून थोडा वेळ पीएचपी ७.४ करून पाहिलं, तरी तेच.

शेवटची कदंबा:
७.४ करून पाहिलंत ते छान झालं, पीएचपी यातून सुटलं. हा बिघाड ब्राउझरमधला आहे, सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसणारच नाही. फॉर्मचं पान उघडून एफ १२ दाबा, कन्सोलमध्ये लाल ओळ काय आहे?

धागाकर्ता:
'लाइव्ह इज नॉट अ फंक्शन'.

शेवटची कदंबा:
वाटलंच. हा मात्र वर्डप्रेस अपडेटचा प्रसाद. जेक्वेरी म्हणजे ब्राउझरमधल्या स्क्रिप्ट ज्या तयार कोडवर चालतात तो; तिने 'लाइव्ह' २०१३ मध्ये १.९ आवृत्तीतच काढलं होतं. ५.४ पर्यंत वर्डप्रेस सोबत जेक्वेरी मायग्रेटची जुनी आवृत्ती द्यायचं, तिच्या कुबडीवर असला कोड चालून जायचा. ऑगस्ट २०२० च्या ५.५ मध्ये कुबडी काढली, ५.६ मध्ये जेक्वेरी थेट ३.५.१ वर गेलं. तुम्ही ५.४ वरून उडी मारलीत, म्हणून तुम्हाला हे आत्ता भेटलं. एकाच दिवशी दोन वेगळे बिघाड, आणि पहिल्याने दुसरा झाकून ठेवला होता.

प्लगइनच्या स्क्रिप्ट फाइलमध्ये 'लाइव्ह' शोधा. त्या जागी 'डॉक्युमेंट' वर 'ऑन' लावायचं. क्रम असा: आधी घटना म्हणजे 'क्लिक', मग त्या चौकोनाचा सिलेक्टर (स्क्रिप्टमध्ये तो ओळखायची खूण), मग फंक्शन. नुसतं लाइव्हचं ऑन करून भागत नाही, सिलेक्टर आत सरकतो. नंतर कॅशे साफ करून बघा, नाहीतर ब्राउझर जुनीच फाइल दाखवत राहील.

घुमट:
एक वेगळंच विचारतो. फॉर्ममध्ये आधार कार्डाचा फोटो मागता का? अशी जुनी प्लगइन्स ते फोटो 'अपलोड्स' फोल्डरमध्ये ठेवून देतात आणि पत्ता माहीत असेल तर लॉगिनशिवाय कोणीही उघडू शकतो. ज्याला वर्षानुवर्षं कोणी वाली नाही त्या प्लगइनकडे लोकांची ओळखपत्रं ठेवणं मला तरी पटत नाही. डागडुजी मखरोत्सवापुरती करा, पण ओळखपत्र काउंटरवरच बघा.

धागाकर्ता:
कॅलेंडर उघडलं! माझ्या आणि मुखत्यारांच्या, दोन्ही फोनवरून बुकिंग करून पाहिलं, एकच खोली दुसऱ्यांदा मिळत नाही. पीएचपी पुन्हा ८.२ वर ठेवलंय. डीबगही बंद केलं आणि लॉगची फाइल काढली.

@घुमट, मागत होतो. फोटोचा रकाना काढला, जुने फोटो उतरवून घेऊन सर्व्हरवरून पुसले. ॲडमिनचा मेल आता समितीचा आहे.

बुकिंगांची सीएसव्ही काढून ठेवली, पण एक्सेलमध्ये मराठी नावांच्या जागी चिन्हांचा कचरा येतोय. डेटाच बिघडला का?

रात्रपाळी:
नाही. फाइलवर दोनदा टिचकी मारून उघडू नका. एक्सेलच्या 'डेटा' मधून 'फ्रॉम टेक्स्ट' घ्या आणि एन्कोडिंगमध्ये ६५००१, युनिकोड यूटीएफ-८ निवडा.

धागाकर्ता:
नावं आली, जोडाक्षरांसकट. देव बरें करूं सगळ्यांचं! हे प्लगइन नवरात्रापुरतंच ठेवतो. ही सीएसव्ही दुसऱ्या प्लगइनमध्ये कशी न्यायची ते विचारायला सभेनंतर नवा धागा काढेन.