साखर, शकर, सुक्कर, शुगर: मूळ एक की योगायोग?

प्रश्न
साखरेला अरबीत सुक्कर, तुर्कीत शेकेर, स्वाहिलीत सुकारी आणि फिनिशमध्ये सोकेरी म्हणतात. यांपैकी एकही भाषा मराठीच्या कुळातली नसूनही हे शब्द ओळखीचे वाटतात. हे सारे संस्कृत ‘शर्करा’पासूनच निघाले असे मानावे का? आणि शर्करेत ‘क’ असताना आपल्या साखरेत ‘ख’ कोठून आला, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद १
मूळ एकच आहे. मात्र शब्द पसरला तो भाषाकुळांच्या नात्याने नव्हे, तर मालाबरोबर. शर्करा म्हणजे मुळात खडे, कंकर. उसाचा रस आटवून त्याचे कण पाडण्याची विद्या भारतात साधली, तेव्हा त्या कणांना हेच नाव मिळाले. फारसीत त्याचे शकर झाले आणि अरबीत सुक्कर. तुर्कीने तो फारसीतून, स्वाहिलीने अरबीतून आणि फिनिशने शेजारच्या स्वीडिशमधून घेतला. अरबांनी ऊस सिसिली आणि स्पेनपर्यंत नेल्यामुळे दक्षिण युरोपातही हाच शब्द रुजला. पोर्तुगीज ‘असुकार’च्या आरंभीचा ‘अ’ हा तर अरबी ‘अल्’ या उपपदाचाच अवशेष आहे.

प्रतिसाद २
‘ख’विषयी लिहितो, कारण मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पालीमध्ये या शब्दाचे रूप ‘सक्खरा’ असे आहे. ‘पक्ष’चे ‘पक्ख’ आणि पुढे मराठीत ‘पाख’ झाले, त्याच रीतीने जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ झाला आणि ‘साखर’ तयार झाली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने भारतातील वेतासारख्या झाडांतून मिळणाऱ्या, मिठासारख्या ठिसूळ ‘साक्खारॉन’चे वर्णन केले आहे, तेथेही महाप्राण ‘ख’ आहेच. हिंदीतील ‘शक्कर’ फारसीमार्गे परत आली, आपली साखर मात्र प्राकृताच्या वाटेने थेट घरी पोहोचली.

प्रतिसाद ३
एक पुरवणी जोडतो. गुळाला इंग्रजीत जॅगरी म्हणतात, म्हणून तो शब्द ‘गूळ’वरून आला असावा असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात मल्याळममधील ‘चक्कर’ पोर्तुगीजांनी ‘जागरा’ असा उचलला आणि त्यावरून जॅगरी आली. ‘चक्कर’चे मूळ पुन्हा शर्कराच. म्हणजे इंग्रजीतील शुगर आणि जॅगरी या सख्ख्या बहिणी आहेत, एक अरबस्तानावरून गेलेली आणि दुसरी केरळच्या किनाऱ्यावरून.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. शर्करा म्हणजे खडे हे वाचून ‘खडीसाखर’ हा शब्द आज नव्याने कळला: एकाच अर्थाचे दोन शब्द त्यात शेजारी बसले आहेत.